एलिसेओच्या वळणावरचं पाणी

आमच्या या दक्षिणेकडच्या देशात जून लागला, डोंगरात हिवाळ्याचं तोंड दिसलं, की माझ्या गाडीला गिऱ्हाईक उरत नाही. किनाऱ्यावरची हॉटेलं कुलपं लावून बसतात. वाळूवर कुजकं शेवाळ आणि उन्हाळ्यात येऊन गेलेल्या, राजधानी सांतियागोच्या लोकांची घाण तेवढी मागं राहते. अशा दिवसांत डोंगरातून समुद्राकडं जायला हमखास एकच बाई माझी वाट बघत उभी असते, ओर्फेलिनामावशी. शेळ्यांचं चीज विकून जगलेली, सत्तरी ओलांडलेली आणि जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींचा वीट आलेली बाई.

"नीदिया, काय गं हा वास? माझ्या गोठ्यात बरं वाटतं याहून," यंदा गाडीत चढताचढताच तिनं सुरुवात केली.

"तुमच्याच चीजचा आहे, मावशी."

"माझ्या चीजला नावं ठेवू नकोस. तुझा नवरा त्याच्यावरच जगायचा. तुझ्या हातचं खाऊन कोण जगलं असतं?"

घाटातली एकच टपरी उघडी होती. तिथं भोपळ्याच्या तळलेल्या पुऱ्या, सोपायपिया घेतल्या, तर तेल पार काळं पडलेलं. मावशीनं एक घास घेतला, थुंकला आणि उरलेली कुत्र्यापुढं टाकली. कुत्र्यानं हुंगली आणि तो निघून गेला.

"बघ, त्यालासुद्धा कळतं," मावशी म्हणाली.

ती किनाऱ्यावर लेकीकडं जाते खरी, पण वाटेतल्या एका वळणासाठी. तिचा मुलगा एलिसेओ तिथं गेला. असाच हिवाळा तोंडावर होता. पिऊन मोटरसायकलवर निघाला, धुक्यात घसरला आणि रस्त्याकडेला पडून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवाल्यांना तो पाणी मागत होता, हे त्यांनीच मागाहून सांगितलं. थांबलं कुणी नाही. माणूस रस्त्यावर गेला, की जिथं प्राण गेला तिथंच त्याचा जीव घुटमळतो, कबरीत नुसती हाडं असतात, हे आमच्यात सगळे मानतात. म्हणून मावशीनं त्या वळणावर पत्र्याचं छोटं निळं घर उभं केलं, आणि त्याच्यापुढं पाण्याची एक बाटली ठेवली.

तिथंच चुकलं. आमचे ट्रकवाले तहानेनं मेलेल्या एका आईला नवस बोलतात आणि पाण्याच्या बाटल्या वाहून तो फेडतात. ही बाटली दिसताच त्यांना वाटलं, हाही नवसाला पावतो! एकाची बघून दुसऱ्यानं ठेवली, दुसऱ्याची बघून दहांनी. वैतागून मावशीनं पाटी लावली: 'माझा मुलगा संत नव्हता. पाणी ठेवू नका.' ट्रकवाले म्हणाले, आई बघा किती विनयशील! बाटल्या दुप्पट झाल्या.

यंदा रस्त्याचं काम काढलं होतं. रेतामाल नावाच्या मुकादमानं निरोप धाडला होता, की बाटल्या गडगडत रस्त्यावर येतात. शनिवारच्या आत त्या उचला, नाहीतर ते घर उचलून गावच्या कबरस्तानात नेऊन ठेवू. आज शुक्रवार होता. मावशीला रात्रभर झोप नव्हती. घर हललं, की पोरगं त्या वळणावर उघड्यावर पडणार, हे तिच्या मनानं घेतलं होतं.

वळणावर पोचलो आणि मी नाकाला रुमाल बांधला. हिरवी बुरशी धरलेल्या, आत अळ्या वळवळणाऱ्या बाटल्या. काहींत तर पाणी नव्हतंच. लांबच्या पल्ल्याचे ट्रकवाले गाडी न थांबवता जे बाटलीत भरतात, ते होतं. मावशीनं एक उघडून नाकाशी नेली.

"हे बघ! हे माझ्या पोराचे भक्त!"

आम्ही पोती भरत होतो आणि रेतामाल खिशात हात घालून बघत होता. एवढ्यात एक ट्रक थांबला. पोट सुटलेला ड्रायव्हर नवीकोरी बाटली घेऊन उतरला आणि मावशीच्या पाया पडायच्या बेतात आला.

"आई, तुमच्या लेकामुळं माझी पोरगी चालायला लागली."

"माझ्या लेकामुळं? अरे, नळावरून बादली आण म्हटलं तर तो कूस बदलायचा!"

"संतांच्या घरचे असंच बोलतात, आई."

मावशीनं त्याच्या हातातली बाटली हिसकावली आणि त्याच्या जोड्यांवर उपडी केली.

"तो पाणी पाणी करत होता, तेव्हा याच वळणावरून गेलात ना रे सगळे? जित्याला घोट दिला नाही, आणि मेल्यावर आंघोळ घालता? लाज नाही वाटत? शिसारी आली मला तुमची!"

ड्रायव्हर मान खाली घालून ट्रकमध्ये चढला. आमच्याकडं त्याला बघवेना.

जागा साफ झाली. मुकादम म्हणाला, "घर राहू दे, मावशी. पण बाटली नको. एक दिसली की पुन्हा रांग लागते. मग मी विचारायला येणार नाही."

मावशीनं मान डोलावली. मग सवयीनं तिचा हात पिशवीत गेला. दर वर्षीसारखी घरच्या झऱ्याची छोटी बाटली तिनं आणली होती. ती घेऊन ती त्या घरापुढं नुसती उभी राहिली. रेतामालनं तोंड फिरवलं.

"ठेवा हवी तर. मी काही बघितलं नाही."

"तू नाही बघितलंस. पण ते मेले ट्रकवाले बघतील."

तिनं वाकून पत्र्यावरची धूळ शालीच्या टोकानं पुसली.

"तहानेला राहा," ती घराला म्हणाली, "पण इथंच राहा."

बाटली तिनं माझ्या हातात कोंबली आणि गाडीत जाऊन बसली. पोती गाडीत मागं टाकून आम्ही निघालो, तेव्हा सकाळचं धुकं सरलं होतं आणि खाली समुद्र दिसत होता. सकाळपासून ओझी उचलून तिचे ओठ पार सुकले होते. मी तीच बाटली उघडून तिच्यापुढं धरली.

"घ्या, मावशी. दोन घोट घ्या."

"ने ते माझ्यासमोरून. किळस येते."

"झऱ्याचं आहे. तुमच्याच घरचं."

तिनं खिडकीकडं तोंड वळवलं. किनारा येईपर्यंत तिनं पाण्याला तोंड लावलं नाही.