आठ दिवस उशिरा लावलेली प्रॉक्सी

ती केस आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. सोलापुरातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. घरी शेंगाचटणी कुटून वेबसाइटवर विकणारी एक बाई तक्रार घेऊन आली. आलेल्या ऑर्डरी तिच्याच खात्यातून कुणीतरी रद्द करत होतं आणि गिऱ्हाइकं शिव्या घालत होती.

माझ्या खबऱ्यानं त्याच दिवशी सांगितलं, "सायेब, वेबसाइट बनवणाऱ्या पोराचं न् तिचं लई वाजलंय. त्येच्याकडं पासवर्ड हाय की."

मला एवढं पुरे होतं. त्या तरुणाला बोलावून घेतलं. त्याची सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आठवड्याभरात आमच्याच ठाण्यातून जायचा होता. "हे मिटेपर्यंत कागद थांबेल," मी सांगितलं. तो रडायला लागला. मुरलेला गुन्हेगार रडत नाही, आधी वकिलाचं नाव काढतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याला रोज ठाण्यात हजेरी लावायला सांगितलं.

ठाण्यात माढ्याकडची एक महिला शिपाई होती, सायबरचं प्रशिक्षण घेतलेली. ती म्हणाली, "सर, बाईंची परवानगी घेऊन वेबसाइटच्या पुढं रिव्हर्स प्रॉक्सी लावूया. येणारी प्रत्येक विनंती आन जाणारं प्रत्येक उत्तर तिच्यातनंच जाईल. आपल्या आवक-जावक रजिस्टरसारखं. कुटनं कोण काय करतंय, सगळं दिसंल."

मला समजलं होतं. पण आदल्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिला नावानं हाक मारून शाबासकी दिली होती. माझं नाव त्यांना कधी धड आठवलं नव्हतं. मी जळत होतो, दुसरा शब्द नाही. "आधी चौकशी, मग तुझे खेळ," म्हणून तिला बंदोबस्ताला धाडलं. असे आठ दिवस गेले. तो तरुण रोज सकाळी येऊन बाकावर बसायचा.

नवव्या दिवशी मोठ्या साहेबांनीच प्रकरणाची विचारणा केली, तेव्हा मी नाइलाजानं प्रॉक्सीला होकार दिला. दुपारी तरुण माझ्यासमोर बसलेला असतानाच एक ऑर्डर रद्द झाली. शिपाई स्क्रीन दाखवत म्हणाली, "सर, विनंती बाईंच्या घरच्याच इंटरनेटवरनं आलीय. आन फोनचा ब्राउझर पान आधी कन्नडमध्ये मागतोय. बाईंचा फोन तर मराठीत हाय."

घरात कन्नड फोन एकीचाच होता, कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीहून लग्न होऊन आलेल्या, बाईंच्या थोरल्या जावेचा. तिला ठाण्यात बोलावून मी तिच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. ती आपणहून बोलली.

"चटणी मी शिकवली तिला, सायेब. डब्यावर फोटो तिचा. लोक तिला ताई-ताई करत्यात, मला कोण इचारत न्हाय. बघवंना झालं."

पासवर्ड धाकटीनं, म्हणजे तक्रारदार बाईनंच, मदतीसाठी तिच्या फोनवर टाकून दिला होता. मी दोन कडक शब्द सुनावणार होतो, पण पेन उचलून नुसता तिचा जबाब लिहून घेतला. तिचं म्हणणं मला फारच नीट कळत होतं.

जावांनी आपसात मिटवलं. मी त्याच संध्याकाळी पडताळणीचा कागद सही करून पाठवला. मुदत परवाच संपली होती. जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्याला गेली.

तो तरुण पुढं एकदा ठाण्यात आला. भांडला नाही. "सर, ते आठ दिवस कशात गेले?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "तपासात." शेजारी उभ्या महिला शिपायानं मान खाली घातली.

गुन्ह्यामागचा हेतू शोधताना अधिकाऱ्यानं स्वतःचाही हेतू तपासावा, हे मी त्या दिवशी शिकलो. थोरल्या जावेनं रद्द केलेल्या ऑर्डरी गिऱ्हाइकांनी पुन्हा दिल्या. माझ्या जळण्यानं गेलेली नोकरी त्या तरुणाला परत मिळाली नाही, आणि त्याबद्दल माझ्यावर कुठलाही गुन्हा दाखल झाला नाही.