लायलला विकलेली गाडी

मर्ल डिट्वायलर एकाहत्तर वर्षांत दोनदाच खोटं बोलला होता, आणि दोन्ही वेळा बायकोच्या हातच्या मीटलोफच्या चवीबद्दल. चौतीस वर्षं त्याने शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त केल्या. ब्रेकबद्दल "चालून जाईल" म्हणणारा माणूस त्याला खिसेकापूच वाटे. ओहायोतल्या आमच्या गावात अशा माणसाला मान भरपूर मिळतो, जेवणाची आमंत्रणं मात्र बेताचीच. त्याला रोज सहन करणारा एकच, तीन घरं पलीकडचा लायल किन्झर.

"काय पाद्रीबुवा, आज किती जणांना नरकात धाडलंत?" लायल सकाळी कॉफी प्यायला बसताना विचारायचा.

"तुझी जागा धरून ठेवलीय. खिडकीजवळची," मर्ल म्हणायचा.

चाळीस वर्षं हे असं चाललं होतं.

मर्लची बायको नॉर्मा गेली आणि तिची निळी ब्यूक गाडी गॅरेजात उभी राहिली. त्याच हिवाळ्यात लायलच्या पिकअपने राम म्हटला. त्याची बायको जॉइस हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. मर्लने आपण होऊन गाडी देऊ केली. बाजारात साडेसात हजार डॉलर सहज आले असते. त्याने सहा सांगितले.

"सहा तर सहा," लायल चेरी-पायचा शेवटचा गोड तुकडा संपवत म्हणाला. "पण कागदावर पाचशे लिही. सात टक्के विक्रीकर, म्हणजे सरळ चारशेवीस डॉलर. सरकारने तुझ्या गाडीला काय तेल घातलंय?"

यात लायलने जगावेगळं काही मागितलं नव्हतं. कागदपत्रांवर विश्वास ठेवायचा तर आमच्या गावात गाड्या कोंबड्यांच्या भावात जातात. चर्चचे विश्वस्तसुद्धा पाचशेच लिहितात आणि रविवारी पुढच्या बाकावर बसतात.

मर्लने आपली बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "बरं."

हे "बरं" कच्चं होतं. ते त्यालाही कळत होतं. पण मित्राला तोंडावर नाही म्हणणं जमलं नाही.

मंगळवारी दोघं त्याच गाडीतून चौदा मैलांवरच्या कौंटीच्या कचेरीत गेले. गाडीच्या मालकीच्या कागदावर किमतीची जागा कोरी होती. आमच्याकडे तो आकडा शपथेवर भरावा लागतो. खिडकीतली डोना लहानपणी मर्लने दुरुस्त केलेल्याच बसने शाळेत गेलेली.

"मिस्टर डिट्वायलर, उजवा हात वर करा बघू. सांगाल ते खरं, अशी शपथ घेता ना?"

मर्लने हात वर केला. तेवढ्याने घात झाला. कानाची पाळी लालभडक झाली.

"किती लिहू?" डोनाने विचारलं.

"पाचशे," लायल म्हणाला.

"सहा हजार," मर्ल म्हणाला.

दोघंही एकदमच. मागे रांगेत पाच-सहा माणसं, त्यांतली दोन चर्चमधली. कुणीतरी खोकलं. डोनाने पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि अगदी हळू म्हणाली, "तुम्ही आधी ठरवून घेता का?"

"ते म्हणतात तेच खरं," लायल म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो मर्लला 'ते' म्हणाला. मग त्याने मान खाली घालून चारशेवीस डॉलरचा चेक लिहिला. अक्षर फार सुबक काढलं.

परतताना गाडी लायलने चालवली, आता ती त्याचीच होती. मर्ल नॉर्माच्या गाडीत शेजारच्या सीटवर पाहुण्यासारखा गुडघे जुळवून बसला.

"ते चारशेवीस मी देतो ना," दुसऱ्या मैलावर तो म्हणाला.

"नको."

"अरे, तिथे हात वर केल्यावर मला..."

"बरोबरच केलंत तुम्ही."

मर्लला वाटलं, याने दोन शिव्या हासडाव्यात. पाद्री म्हणावं, गाढव म्हणावं, वाटेत उतरवावं. लायलने हीटर वाढवून फक्त विचारलं, "गार तर नाही ना वाटत?"

अकराव्या मैलावर मर्लच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी आपलीच होती. खरोखरच साडेपाच हजारांना विकली असती, तेवढेच घेतले असते, तेवढेच लिहिले असते, तर लायलचा कर भरून वर पैसे उरले असते आणि शपथही शाबूत राहिली असती. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणाऱ्या माणसाला एवढं त्या दिवशी चेरी-पाय खाताना सुचू नये? त्या वेळी तो स्वतःच्या सचोटीचीच काळजी करत होता. लायलची त्याला आठवणच झाली नव्हती.

त्याने पाकिटात पाचशे डॉलर घालून लायलच्या पत्रपेटीत टाकले. वर लिहिलं, 'किंमत चुकून जास्त लावली.' गुरुवारी ते पाकीट टपालाने परत आलं, न फोडता. तीन घरांच्या अंतरासाठी लायलने तिकीट लावलं होतं.

जॉइसचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्या दिवशी सकाळी मर्ल मुद्दाम अंगणात काहीतरी काढून बसतो, बर्फ नसलं तरी फावडं घेऊन. साडेसातला निळी ब्यूक येते. जॉइस आतून मनापासून हात हलवते. लायल स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो. आमच्याकडे रस्त्यात भेटणाऱ्या कुणालाही, अगदी परक्या ट्रकवाल्यालाही, तेवढं बोट दाखवायची रीत आहे.