दाराआडचा खेळाडू

मेलबर्नमध्ये नातीच्या फुटबॉल क्लबात, संडासाच्या दाराशेजारी एका मिशाळ खेळाडूचा जुना फोटो टांगलाय. नात सांगते, हा क्लबचा पहिलावहिला हिरो. इथल्या फुटबॉलात चेंडू हातानेही धरतात; हा इतरांच्या खांद्यांवर चढून झेलायचा. गुडघा मोडल्यावर त्याला त्याच मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं.

"मग फोटो आतल्या हॉलमध्ये का नाही लावला गं?"

"तिथे कप ठेवलेत, आजी. जागाच नाही."

"कप कुणी जिंकले?"

"यानेच की!"

मीही एकेकाळी खो-खोची कप्तान. लग्न ठरल्यावर ऐटीत संघ सोडला. वाटलं, बाईसाहेबांवाचून खेळ अडेल, मुली विनवायला येतील. दाराकडे कान लावून बसले होते, येडी! संध्याकाळी नेहमीच्या वेळी मैदानावरची शिट्टी घरापर्यंत ऐकू आली.

फोटोची काच मी पदराने पुसत होते. तेवढ्यात कुणीतरी आतून संडासाचं दार ढकललं आणि तो पुन्हा दाराआड गेला.