अकरा नंबरची उत्तरपत्रिका

शिक्षण विभागात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर ‘मॅडम’. एका लहानशा गटातल्या चौदा सरकारी शाळा दरवर्षी तपासायच्या, मुलांना किती येतं ते पाहायचं, आणि कुणाचं अनुदान चालू ठेवावं, कुणाची शाळा बंद करावी याची शिफारस लिहायची, हे तिचं काम. सव्वीस वर्षं तिने ते डोळ्यांत तेल घालून केलं. ती येणार म्हटलं की मुख्याध्यापकांची पाचावर धारण बसायची. कुणी चहाबरोबर बिस्किटं पुढे केली तर ती चहा घेते आणि बिस्किटं मोजून परत देते, असं तिचेच सहकारी सांगत. बिस्किटांचं खोटं आहे. बाकी सगळं खरं.

हजेरीपटावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तपासणीच्या दिवशी शेजारच्या शाळेतून मुलं उसनी आणून बाकं भरणारे महाभाग तिने पाहिले होते. म्हणून ती वर्गाच्या दारात उभी राहायची आणि मुलांना आपापला हजेरी क्रमांक मोठ्याने म्हणायला लावायची. उसनं पोर तिथे हमखास ततपप करायचं. एकेक क्रमांक ऐकून ती वहीत एक रेघ मारायची. मान वर करायची तिला सवय नव्हती.

तीन वर्षांपूर्वी खाणीजवळच्या शाळेत तिने अशाच सतरा रेघा मारल्या. नियम विसाचा. तिने लिहिलं, ‘पट अपुरा. शाळा बंद करून मुलांना पुढील शाळेत सामावून घ्यावे.’ त्या वर्षी गटाकडे पैसा इतका तुटपुंजा आला होता की चार शाळांची छपरं गळत होती, तेव्हा साहेबांनी तिला शाबासकीच दिली. मग ती सतरा मुलं चार किलोमीटरवरच्या शाळेत पायी जाऊ लागली, दगड भरलेले ट्रक जातात त्याच रस्त्याने. वर्षभरात त्यातली एक मुलगी ट्रकखाली गेली. नऊ वर्षांची होती.

ऑफिसात ती बातमी एका कागदावर आली, चहाच्या वेळी. सगळे हळहळले आणि पुन्हा कामाला लागले. मोजणीबाईने घरी जाऊन जुनी वही काढली आणि त्या सतरा रेघांकडे बघत बसली. यातली ती कुठली? सगळ्या रेघा सारख्याच. तिने चेहरे आठवायचा प्रयत्न केला तर एकही आठवेना. तेव्हापासून भाजी चिरताना, जिना चढताना, बँकेच्या रांगेत तिच्या डोक्यात एक ते सतरा सुरू व्हायचं आणि मध्येच कुठेतरी अडकायचं.

“नियम तू केलास का?” नवरा म्हणायचा. “मग कशाला जिवाला लावून घेतेस?”

त्याचं चुकत नव्हतं. पण तिच्या जिवाला ते लागलं होतं, आणि लागलेलं निघत नव्हतं.

दोन वर्षं तिने ती पुढची शाळा टाळली. गुडघा दुखतो, चढ आहे, असं काहीबाही सांगून एका सहकाऱ्याच्या गळ्यात मारली. यंदा त्याची बदली झाली, आणि मार्चमधल्या एका सकाळी मोजणीबाई त्या शाळेच्या दारात उभी राहिली. एकच खोली, पहिली ते चौथीची मुलं एकत्र, एकच मास्तर. ओसरीवर एक बाई झाडत होती. तिने झाडू बाजूला ठेवून घंटा वाजवली आणि पुन्हा झाडायला लागली.

“क्रमांक म्हणा,” मोजणीबाई म्हणाली.

मुलं म्हणत गेली. आठ, नऊ, दहा. मग वर्ग गप्प झाला, एक श्वास घेण्याइतकाच. मग बारा, तेरा, आणि तसं थेट विसापर्यंत. कुणी अडखळलं नाही, कुणी हसलं नाही, कुणी मास्तरांकडे पाहिलं नाही. वहीत रेघा मात्र एकोणीस.

तिने हजेरीपट ओढून घेतला. अकरासमोरचं नाव तिने दोन वर्षांपूर्वी ट्रकच्या बातमीच्या त्या कागदावर वाचलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मान वर करून वर्ग पाहिला. दुसऱ्या ओळीतल्या बाकावर तीन मुलं दाटीवाटीने बसली होती आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर एकच मुलगी, ती कडेला सरकून, दुसरी बाजू मोकळी सोडून.

“मुलांना खेळायला सोडा,” ती मास्तरांना म्हणाली. “आणि वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका आणा.”

जो वार्षिक परीक्षेला बसत नाही त्याचं नाव पटावरून आपोआप कमी होतं. त्यामुळे गठ्ठ्यात वीस उत्तरपत्रिका होत्या. एकोणीस मास्तरांनी तपासल्या होत्या. अकराव्या क्रमांकाची कोरी होती, म्हणजे गुणांपुरती कोरी. उत्तरं होती. वीस प्रश्नांपैकी एकोणीस सोडवलेले, आणि प्रत्येक उत्तराचं अक्षर वेगळं. एक बारीक तिरकं, एक गोल गरगरीत, एक पाटी फुटेल इतकं दाबून लिहिलेलं. एका बेरजेत पाचाचा आकडा उलटा होता, तो पहिलीतल्या पोराचा असणार. विसावा प्रश्न रिकामा. एकोणीसच्या एकोणीस उत्तरं बरोबर होती.

“बोला मास्तर,” ती म्हणाली.

मास्तर उभेच राहिले. “काय बोलू? खाणीतलं काम कमी झालं, माणसं बिऱ्हाडं हलवून गेली. पट एकोणीसवर आला. ही शाळा बंद झाली तर पुढची शाळा त्याच रस्त्याने आणखी सहा किलोमीटर. त्याच रस्त्याने, मॅडम. म्हणून तिचं नाव ठेवलं.”

“आणि हे?”

“ती चौथीत होती. पास झाली की नाव निघणार. म्हणून गेली दोन वर्षं तिचा पेपर मीच लिहिला, नापास होईल एवढाच. पोरांच्या ते लक्षात आलं. यंदा पोरं म्हणाली, आम्ही लिहितो, एकेकाने एकेक. मी म्हटलं, पाचच सोडवा. ऐकतील तर शपथ! म्हणतात, सारखी सारखी नापास झाली तर तिला वाईट वाटेल.” मास्तरांनी गठ्ठा सारखा केला. “बरोबर उत्तरावर फुली मारायला माझा हात धजेना. तसाच ठेवलाय.”

“घरचे कोण आहेत तिचे?”

“आईच. ती काय, बाहेर झाडतेय. नंतर इथेच कामाला लागली. तिला मी काही विचारलेलं नाही. तोंड नाही मला.”

मास्तर बाहेर गेले. मोजणीबाई एकटीच त्या खोलीत बसली. बाहेर पोरांचा दंगा चालला होता. खरं लिहावं तर पट एकोणीस, शाळा बंद. उत्तरपत्रिका खरी तपासावी तर मुलगी पास, नाव कमी, पुढच्या महिन्यात शाळा बंद. दोन्हीकडून एकोणीस मुलं त्या रस्त्यावर. आणि तिसरी वाट म्हणजे जिला तिने एकदा रस्त्यावर धाडलं, तिलाच आता आपल्या हाताने नापास करायचं. तिला मनापासून वाटलं, कुणीतरी यावं आणि आपल्या हातातून ही लाल पेन्सिल काढून घ्यावी. कुणी आलं नाही.

एका प्रश्नाला पाच गुण. पस्तिसाला पास. म्हणजे सहाच उत्तरं बरोबर ठेवता येत होती.

तिने पहिली फुली मारली. बारीक तिरक्या अक्षरावर. बरोबर उत्तर चूक ठरवायला सव्वीस वर्षांत तिची पेन्सिल कधी उठली नव्हती. दुसरी, तिसरी. प्रत्येक फुलीला तिला वाटे, शेजारी कुणीतरी वाकून बघतंय आणि विचारतंय, यात काय चुकलं, बाई? सातव्या फुलीला ती खरंच ओठांतल्या ओठांत म्हणाली, “काही नाही गं, काही नाही चुकलं.” उलट्या पाचाच्या बेरजेला तिने हात लावला नाही. तेरा फुल्या झाल्या, तेव्हा तिने वर तीस लिहिलं, खाली सही केली, आणि अहवालात लिहिलं: ‘पट वीस. अनुदान चालू ठेवावे.’

बाहेर आली तेव्हा ती झाडणारी बाई ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती.

“पेपर बघितलात?” बाई म्हणाली. “पोरं सांगत होती, छान गेलाय म्हणून.”

मास्तरांना वाटत होतं हिला काही ठाऊक नाही. पोरांच्या पोटात कधी काही राहिलंय का!

“किती पडले?”

“तीस.”

“म्हणजे नापास.”

“हो.” आणि मग तिला राहवेना. “ताई, ती खाणीजवळची शाळा मीच बंद केली होती. माझी सही आहे त्यावर.”

“माहीत आहे की.” बाईने आवाज चढवला नाही, हेच मोजणीबाईला सोसेना. “गावात सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षं ते दुसरे साहेब आले, तेव्हा मी दर वेळी म्हणायचे, त्या बाई का येत नाहीत? शिव्या घालायच्या होत्या तुम्हाला. चांगल्या साठवून ठेवल्या होत्या.”

“घाला.”

बाईने खाली वाकून झाडू उचलला.

“ही शाळा तरी ठेवलीत ना?”

“ठेवली.”

“मग नापास झाली ते बरं झालं,” बाई म्हणाली. “पास झाली असती तर नाव काढलं असतं तुम्ही. आता अजून एक वर्ष शाळेत जाईल.”

आणि ती राहिलेली ओसरी झाडायला लागली.