स्वखुशीने

करंजशेतच्या बौद्धवाडीत बावीस उंबरे होते आणि १९८६ साली त्या बावीस उंबऱ्यांत एकही अंगठा उठत नव्हता. पोलादपुरापासून दोन तास चालत डोंगरात जायचं, तेव्हा ती वाडी लागायची. बाप्ये बहुतेक मुंबईला, घरं बायकांच्या हातात. वाचता त्यांच्यापैकी एकीलाही येत नव्हतं. पण रेशनच्या दुकानात शाईचं पॅड पुढं सरकलं की बाई पदर खोचून म्हणायची, "ते ठेव तिकडं. पेन दे."

हे वेड गोमाजी तांब्यांचं. पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त होऊन ते सत्तर साली घरी आले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांनी सह्यांचा वर्ग काढला. वर्षावासात बायका दुपारी विहारात जमत. ग्रंथवाचन संपलं की गोमाजी पोत्यातून पाट्या काढत. शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची होती. अक्षरं, बाराखडी असलं काही नाही. प्रत्येकीचं नाव म्हणजे एक चित्र, ते चित्र हाताला बसेपर्यंत गिरवायचं. वाचायचं मागाहून बघू, असं ते म्हणत. ते मागाहून पंधरा वर्षांत आलं नाही.

त्यांची चुलती सुंदराबाई सत्तरीची होती. तिला सही यायला दोन पावसाळे लागले. तिचा 'र' कोयत्यासारखा वाकडा, पण एकदा हाताला बसल्यावर तिने सही न केलेली जागा ठेवली नाही. चुलीमागची भिंत झाली, पाटा झाला, परसातल्या भोपळ्यावरसुद्धा तिने खिळ्याने नाव कोरलं.

"भोपळ्यावर कशाला, काकी?" गोमाजींनी विचारलं.

"चोर आला तर कळाय नको कुणाचा हाय तो?"

"चोराला वाचता येतं काय?"

"मला तरी कुठं येतं?" म्हणून ती दात नसलेल्या तोंडाने हसली.

गोमाजींना लोक मिलटरीबाबा म्हणत. माणूस अबोल, शिस्तीचा, सदऱ्याची सगळी बटणं लावणारा. खोड एकच. भात थोडा जरी करपला तरी ते भरल्या ताटावरून उठत आणि ओढ्यावर जाऊन बसत. त्यांची बायको येसूबाई पहिल्या वर्षी रुसली, मग घाबरली, मग विचारून विचारून तिने त्यामागचं सगळं काढून घेतलं. त्यानंतर तिच्या चुलीवर भात कधी करपला नाही.

ती गोष्ट १९६८च्या हिवाळ्यातली. गोमाजींची पलटण आसामच्या टोकाला मिझो डोंगरांत होती. तिथल्या बंडखोरांना वेगळा देश हवा होता आणि सरकारचा निश्चय होता की काही झालं तरी हा मुलूख भारतातून फुटू द्यायचा नाही. गोमाजींना त्यात वावगं वाटलं नव्हतं. देश म्हटला की तो सांभाळावा लागतोच, त्यासाठीच तर अंगावर वर्दी चढवली. पण बंडखोरांना दाणापाणी मिळू नये म्हणून डोंगरमाथ्यावरची गावं उठवायची आणि माणसं खाली सडकेच्या कडेला कुंपणात आणून वसवायची, असा हुकूम आला. गाव रिकामं झालं की घरं आणि भाताची कोठारं जाळायची. आणि वर कागद लागायचा. कागदात असं लिहिलेलं की गावानेच अर्ज केला, आम्हांला स्वखुशीने खाली यायचं आहे.

एका गावात मुखिया म्हातारा होता. प्रार्थनाघराची वही तोच लिहायचा, अक्षर मोत्यासारखं. कप्तानसाहेबांनी त्याला समजावलं की हा मुलूख सरकारचा आहे, सरकार तो कधी सोडणार नाही. दुभाष्याने ते सांगितलं. म्हातारा काहीतरी बोलला. दुभाष्या चाचरत म्हणाला, "तो म्हणतो, जमीन ठेवून घेणार हे कळलं. आम्हांला कुठे ठेवणार?"

साहेबांनी पेन पुढे केलं. म्हाताऱ्याने हात मागे बांधले. सही येत होती, म्हणून तर तो ती करत नव्हता. मग साहेब खिडकीबाहेर बघायला लागले आणि हुकूम आला, "नाईक, अंगूठा लगवाओ."

तो अंगठा गोमाजींनी धरला. आल्याच्या गड्ड्यासारखा कोरडा, गाठाळ अंगठा. त्यांनी तो पॅडवर दाबला आणि कागदावर दाबला. म्हाताऱ्याने ओढून घेतला नाही, नुसता गोमाजींच्या तोंडाकडे बघत राहिला. दुपारी कोठारं पेटवली. सबंध वर्षाचं भात करपत होतं आणि तो वास गोमाजींच्या मिशांत, कपड्यांत, जेवणात शिरला. त्या संध्याकाळी ते ओकले ते पित्त पडेपर्यंत.

घरी आल्यावर त्यांनी त्यातून एक हिशेब मांडला. अंगठा धरून दाबता येतो. सही कुणाच्या हाताला धरून करून घेता येत नाही, ती आपली आपणच करावी लागते. म्हणजे वाडीला सही आली की वाडीला कुणी हात लावू शकणार नाही. हिशेब सरळ होता. त्यात चूक होती, ती कळायला पंधरा वर्षं गेली.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात रेडिओवर बातमी आली की मिझो पुढाऱ्यांशी करार झाला, बंड मिटलं. गोमाजी त्या वेळी नांगराचा फाळ ठोकत होते. त्यांनी हातोडी थांबवली आणि पुन्हा ठोकायला लागले. आठवडाभरात सरपंच श्रीपतराव स्वतः वाडीत आले. असे ते एरवी मतं मागायला तेवढे येत.

"गोमाजीराव, येत्या पंधरा ऑगस्टला शाळेत तुमचा सत्कार करायचा ठरलाय."

"कशापायी?"

"कशापायी म्हणजे? मिझोराम राखलंत तुम्ही!"

"मी एकट्यानं?"

"अहो, गावातून दुसरा कोण गेला होता?"

नको नको म्हणत गोमाजी गेले. झेंडावंदन झालं. श्रीपतरावांनी भाषणात 'भारताचा अविभाज्य भाग' हे शब्द पाच वेळा म्हटले आणि पाचही वेळा गोमाजींकडे हात केला. तलाठी कमलाकर भाऊसाहेबांनी शाल पांघरली. शाल चकचकीत होती, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होता. मग सरपंचांच्या ओटीवर चहा झाला. आजवर त्या ओटीवर गोमाजींना चहा मिळे तो वळचणीला उलट्या घातलेल्या काचेच्या पेल्यात. त्या दिवशी कपबशी आली. गोमाजींनी कपाचा कान धरला आणि त्यांच्या मनात आलं, आता काहीतरी मागणार.

भाऊसाहेबांनी पिशवीतून कागद काढला.

"विशेष काही नाही. खालच्या ओढ्यावर बंधारा होतोय, ठाऊकच आहे. तुमची वाडी पाण्यात जाते. वरच्या मुरमाड उतारावर जागा दिलीय. वाडीची संमती आधीच झालीय. साक्षीदार म्हणून तुमची तेवढी सही हवी."

"संमती कधी झाली?"

"तुम्ही दाढ काढायला महाडला गेला होतात ना, तेव्हा. रेशनच्या दुकानात."

गोमाजींनी कागद घेतला. ते सावकाश वाचत, शब्दावर बोट ठेवून. दुसऱ्याच ओळीत बोट थांबलं. 'आम्ही खाली सह्या करणार स्वखुशीने लिहून देतो की'. शेवटी होतं, 'वरील मजकूर सर्वांस वाचून दाखविला, तो त्यांस समजला व मान्य आहे.' मधल्या जागेत बावीस सह्या. एक अपुरी नाही, एक पुसट नाही. कोयत्यासारखा 'र' सगळ्यांत वर.

"खरं सांगू?" भाऊसाहेब मोकळेपणी म्हणाले, "अंगठे असले की वरचे साहेब शंका काढतात, चौकशी लावतात. या सह्या बघून एकदम खूश झाले. म्हणाले, वाडी सुशिक्षित दिसते! हे सगळं तुमचं काम हो, गोमाजीराव."

समोरच्या कपातल्या चहावर साय धरली होती, तिच्याकडे गोमाजींना बघवेना. किळस आली ती भाऊसाहेबांची आली, शालीची आली आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या हाताची आली. बावीस बायांचे हात धरून त्यांनीच ती चित्रं गिरवून घेतली होती.

"मजकूर मोठा हाय," ते कसंबसं म्हणाले. "घरी नेऊन वाचतो. उद्या चावडीवर आणून देतो."

"न्या की. आजचे सत्कारमूर्ती तुम्ही, तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?"

वाडीत आल्यावर त्यांनी बायकांना विहारात बोलावलं आणि कागद वाचून दाखवला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला.

"त्यानं तर सांगितलं, बंधाऱ्याच्या कामावर नावं लावतोय," गीताबाई म्हणाली. तिचं घर ओढ्याला सगळ्यांत जवळ. "मी दोघींची नावं लावली असती, पण सासूला डोळ्यानं दिसत नाय."

"त्या उतारावर?" दुसरी म्हणाली. "तिथं दर पावसात भेग पडते. तिथं गुरं चरत नायत!"

सुंदराबाई मात्र गोमाजींकडेच बघत होती.

"तूच शिकवलंस रे आमाला. अंगठा द्यायची तवा मी चार जणांना इचारायची, कशाचा कागद हाय, काय हाय. सही आली आनि मी ताठ झाले. इचारलंच नाय. म्हटलं, सही येते आता, इचारायचं काय?" ती थांबली. "अन् तू तिकडं शाल घेऊन आलास."

शाल अजून गोमाजींच्या खांद्यावरच होती. येसूबाईने उठून ती ओढून काढली.

"हा वास घेऊन घरात येऊ नका," ती म्हणाली. "काय करायचं ते हितंच करा."

तेव्हा गोमाजींनी पाट्यांचं पोतं काढलं. पंधरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा नावाखेरीज दुसरं काही शिकवायला घेतलं. फळ्यावर त्यांनी 'नाही' लिहिलं आणि वाचलं. बायका गोंधळल्या. "'ही' कशाला शेवटी?" सुंदराबाईने विचारलं. गोमाजींनी थोडा विचार केला, 'ही' पुसली आणि तिथं 'य' लिहिला.

"हे काय झालं?"

"नाय," सगळ्याजणी एकदम म्हणाल्या.

दोन अक्षरं. दिवेलागणीच्या आत ती बावीस जणींच्या हाताला बसली. मग कागद पाटावर ठेवला. एकेक बाई पुढे आली आणि तिने आपल्या सहीशेजारी ती दोन अक्षरं लिहिली. सुंदराबाईने एवढं दाबून लिहिलं की निबाने कागदाला भोक पडलं. शेवटी साक्षीदाराच्या जागी गोमाजींनी लिहिलं, 'वरील मजकूर सह्या घेताना कोणासही वाचून दाखविला नव्हता. आज मी दाखविला. उत्तर शेजारी आहे.' खाली नाव, हुद्दा आणि पलटणीतला नंबर.

दुसऱ्या दिवशी चावडीवर भाऊसाहेबांनी कागद उलगडला आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय केलंत हे? सरकारी कागद आहे हा!"

"म्हणून तर लिवलंय. खासगी असता तर फाडला असता."

"आणि हे काय? नाय, नाय, नाय... शुद्ध लिहायला तरी शिकवायचं. 'नाही' असं लिहितात."

"त्या बोलतात तशाच लिवतात, भाऊसाहेब. त्यांच्या तोंडचं हाय ते, हे कळाय हवं ना वरच्या साहेबांना."

"सत्कार केला तुमचा आम्ही!" भाऊसाहेबांचा आवाज चढला. "देशासाठी एवढं केलंत, आणि गावासाठी एक सही जड झाली?"

गोमाजींनी शालीची घडी टेबलावर ठेवली. "तिकडं पन मी अशीच एक सही आनली होती," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा वाईट रीतीनं. म्हणून वास लगेच कळला." आणि चावडीवरून खाली वाडीकडे येताना ते दोनदा थुंकले.

शाल चार दिवसांनी शिपायाने परत आणून टाकली. येसूबाईने ती खुराड्यात अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली घातली.

बंधारा काही टळला नाही. दोन वर्षांनी कायद्याने जागा घेतली गेली, नोटिसा लागल्या, आणि वाडी त्याच मुरमाड उतारावर गेली. सुंदराबाईने जाताना चुलीमागच्या भिंतीतला सहीचा पोपडा काढून न्यायचा प्रयत्न केला, तो हातातच भुगा झाला. नव्या घराला पहिल्याच पावसात भेग पडली. कुणी येऊन जिंकलात म्हणालं असतं तर गोमाजींनी त्याला हाकलून दिलं असतं.

पण कागद लावले तेव्हा ते चावडीवर गेले आणि बोट ठेवून शेवटपर्यंत वाचून आले. 'स्वखुशीने' हा शब्द त्यात कुठेही नव्हता. खाली एक रकाना होता हरकतींचा. तलाठ्यांच्या कागदांत त्या रकान्यापुढे नेहमी 'निरंक' लिहिलेलं असे. या वेळी तिथे 'बावीस' असा आकडा होता.

घरी येऊन त्यांनी येसूबाईला ते सांगितलं. ती बरं म्हणाली आणि भात वाफेवर मुरायला झाकण ठेवलं.

"तिकडच्या त्या कागदावर अजून निरंकच असंल," गोमाजी म्हणाले.

येसूबाईने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. भात लागू नये म्हणून. गोमाजी उजव्या हाताचा अंगठा धोतराला पुसत बसून राहिले.