व्हर्नियरवाले सर

मोजता येईल अशी एकही वस्तू आमच्या सरांनी मोजल्यावाचून सोडलेली नाही. त्यांनी मोजायला घेतलेल्या वस्तूंमध्ये एक मीही होते. मी मोजण्यालायक आहे असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं. आम्ही पेठकडच्या डोंगरातले. भात निघाला की घराला कडी घालून दिंडोरीला द्राक्षाच्या बागांवर यायचं. मी चौथीत असताना बा तिथल्याच एका मळ्यावर बारमाही राहिला, म्हणजे मळेवाल्या नानांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पाच माणसं आणि फवारणीचे रिकामे डबे. बाच्या हातांना औषधाचा वास यायचा, तो भाकरीलाही लागायचा. आई-बा दोघं अंगठेवाले. मोठी बहीण सातवीतून निघून बागेत कात्रीला लागली होती, आणि माझ्या बोटांना बसेल अशी एक कात्री घरात आणूनही ठेवली होती.

सर आम्हाला नववीपासून बारावीपर्यंत विज्ञानाला होते. इतर मास्तरांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर, मिलिमीटरचाही दहावा भाग मोजणारं हत्यार. शाळेसमोरच्या टपरीवर त्यांनी एकदा सगळ्या ग्लासांची आतली खोली मोजली आणि टपरीवाल्याला सांगितलं, "तुझे ग्लास सारखे नाहीत." तेव्हापासून सरांना चहा सगळ्यात खोल ग्लासात मिळायचा. बाई, म्हणजे सरांच्या मंडळी, त्यांना भाजीबाजारात नेत नसत. नेलं तेव्हा सरांनी अर्धा किलो वांग्यांतल्या प्रत्येक वांग्याचा व्यास घेतला होता, आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली बघून भाजीवाली म्हणाली होती, "काका, लग्न जमवताय का वांग्याचं?" सर म्हणाले, "नाही, नुसता अंदाज घेतोय," आणि पुढचं वांगं उचललं.

त्यांचं सगळ्यात मोठं तत्त्व असं की एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही. तीन घ्यायची, सरासरी काढायची. हे तत्त्व त्यांनी प्रयोगशाळेत ठेवलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण हजेरी ते तीनदा घ्यायचे. स्कूटरचं स्टँड तीनदा लावायचे. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर आजारातून उठून आले तेव्हा यांनी त्यांना "तब्येत कशी आहे?" असं एका दमात तीनदा विचारलं. पहिल्यांदा ते "छान" म्हणाले, दुसऱ्यांदा "बरी आहे", तिसऱ्यांदा त्यांना रडूच आलं. सर त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आता बरोबर रीडिंग आलं. सांगा."

दहावीनंतर मला अकरावीला घालायचं म्हणून ते शेडवर आले, तेही अर्थात तीन दिवस. पहिल्या दिवशी बा म्हणाला, "नाय जमायचं मास्तर, पोरगी कामाची हाय." दुसऱ्या दिवशीही नायच म्हणाला, पण बसायला खाट टाकली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बघू." सरांनी तिन्हींची सरासरी काढली. ती त्यांच्या मते 'हो' आली, आणि ते माझा दाखला घेऊन गेलेसुद्धा. बा आईला म्हणाला, "याला साधा हिशेब येत नाय, आन् हा पोरांना शिकवतो." पण एक अट त्याने घातलीच: एक वर्ष जरी वाया गेलं, तरी कॉलेज बंद आणि कात्री हातात.

ते वर्ष वाया जायची पाळी बारावीत आली. फेब्रुवारीत फिजिक्सचं प्रॅक्टिकल आणि नानांच्या एक्सपोर्टच्या मालाचा खुडा एकाच सोमवारी आले. टोळीत दोन बाया कमी होत्या. बाला वाटत होतं, प्रॅक्टिकल म्हणजे खेळण्यातली परीक्षा. पेपर तर पुढच्या महिन्यात. "कागद नाय, लिहायचं नाय, मग परीक्षा कसली?" मी परोपरीनं सांगितलं की त्यात गैरहजर म्हणजे नापास. तो म्हणाला, "आज कॅरेट भर, उद्या जाऊन दे." सकाळी आठ वाजता मी वेलीखाली उभी होते, डोळ्यांतलं पाणी कोपरानं पुसत, कारण बोटं चिकट झाली होती.

साडेआठला बांधावर सरांची स्कूटर बंद पडल्याचा आवाज आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात कॅलिपर. एक्सपोर्टवाल्यांचा माल तपासणारा साहेब त्या दिवशी यायचा होता, आणि तोही असलंच हत्यार घेऊन मण्यांची जाडी मोजतो. नानांनी सरांना कधी पाहिलं नव्हतं; हाच तो साहेब समजून ते धावतच पुढे गेले.

"या साहेब. आम्ही कालपासून वाट बघतोय."

"काल रविवार होता," सर म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर घडावर गेली आणि ते येण्याचं कारणच विसरले. एक मणी तीन बाजूंनी मोजला. "सोळा पूर्णांक चार मिलिमीटर."

नानांच्या कपाळाला घाम आला. "सतरा लिहा की साहेब. सकाळची थंडी हाय, उन्हानं फुगंल."

"फुगल्यावर परत मोजू."

नानांनी चहा मागवला, काजू मागवले, खुर्ची पुसली. सर खुर्चीत बसले नाहीत. त्यांना मी दिसले होते. "मला ही मुलगी हवी आहे," ते म्हणाले. "अकराला तिला मोजमापाला बसवायचंय. पोचली नाही तर सगळं वाया जाईल." नानांना 'सगळं' म्हणजे अख्खा कंटेनर वाटला.

बा डोक्यावर कॅरेट घेऊन तिथेच उभा होता. सरांना तो चांगला ओळखत होता. एक शब्द बोलला असता तर खेळ तिथंच संपला असता. पण ज्या नानांपुढे बा कधी खुर्चीला टेकला नव्हता, ते नाना या माणसापुढे हात जोडून उभे होते, तेही दशांश चिन्हापुढच्या एका आकड्यासाठी. बाने कॅरेट खाली ठेवलं. "न्या साहेब," तो म्हणाला. "तिला मोजायला चांगलं येतं."

नानांनी स्वतः जीप काढली. कॉलेजच्या फाटकात पाटी वाचून म्हणाले, "माल भरायचं पॅकहाऊस कुठंय?"

"कसलं पॅकहाऊस? हिची परीक्षा आहे. मोजमापाला बसवायचंय, म्हटलं ना मघाशी."

नानांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "मग ते सोळा पूर्णांक चार?"

"ते अगदी खरं आहे," सर म्हणाले.

दुपारी खरा साहेब आला आणि मणी सोळाचा आहे म्हणाला. माल सोळालाही पास होता, तरी नाना त्याच्याशी भांडले म्हणे: "सोळा पूर्णांक चार. आमच्या मास्तरनं तीनदा मोजलंय."

सर आता निवृत्त होऊन नाशिकला मुलाकडे असतात. गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. त्या सोमवारबद्दल कधी नीट आभार मानले नव्हते, ते मानायचे होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुला कोणत्या मळ्यावरून आणलं होतं?" मी सांगितलं. "नाही गं आठवत," म्हणाले. "प्रॅक्टिकलच्या दिवशी दर वर्षी कुणी ना कुणी बागेत राहायचंच. बागा सगळ्या सारख्या दिसतात." आतून बाईंनी जेवायला हाक मारली, आणि आभार राहूनच गेले. म्हणून इथं लिहिले.

त्या प्रॅक्टिकलला मी पास झाले. बारावी झाले, मग नाशिकला राहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या पाड्यावरून पदवी घेतलेली मी पहिली.