माळढोक, गैरहजर

बोरुडे सर पक्ष्यांची हजेरी घ्यायचे. अतिशयोक्ती करत नाही, खरोखरची हजेरी! हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी, तिसगावजवळच्या पाझर तलावाच्या बांधावर, डोक्याला तपकिरी माकडटोपी, गळ्यात दुर्बीण आणि दुर्बिणीशेजारी सुतळीला बांधलेलं लाल पेन अशा अवतारात उभे राहून ते शाळेचं जुनं हजेरीपुस्तक उघडायचे आणि खणखणीत आवाजात पुकारायचे, "चक्रवाक?" आम्ही पाचसहा बापे, पोराबाळांचे धनी, थंडीनं काकडत पाण्याकडे बघायचो आणि ओरडायचो, "हजर, सर!" बांधावरून दुधाच्या किटल्या घेऊन जाणारे लोक गाडी हळू करून आमच्याकडे बघायचे. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

सर गणिताचे. मला त्यांनी नववीत दोनदा बसवलं, म्हणून मी आज हार्डवेअरचं दुकान चालवतो, असं ते चारचौघांत अभिमानानं सांगत. निवृत्तीनंतर तपासायला पेपर उरले नाहीत, हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्यांनी पक्षी धरले. बिचारी बदकं हिमालय ओलांडून येतात आणि इथं गाठ कुणाशी, तर बोरुडे सरांशी!

त्यांचा एकच नियम होता. पक्ष्याचा फोटो पाहिजे, नाहीतर तो दोघांनी पाहिलेला पाहिजे. एकट्यानं पाहून कुणी नाव लिहायला सांगितलं की सर चष्म्यावरून बघत विचारायचे, "फोटो हाय का?" नाही म्हटलं की पट्टी ठेवून त्या नावावर लाल रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "मग तो पक्षी नव्हता बाळ, तुझी इच्छा होती."

तलावाखाली सुंदराबाईंचं शेत आहे. एका सकाळी त्या धापा टाकत बांधावर आल्या. "मास्तर, आमच्या हरभऱ्यात लई मोठी पाखरं उतरल्यात. उंच पायाची, राखी, गळ्याखाली काळी." करकोचेच होते, आम्हाला ऐकूनच कळलं. सर म्हणाले, "फोटो हाय का?" सुंदराबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, म्या पाखरं हाकलू का फोटू काढू?" रेघ पडली. चार दिवसांत त्यांचा अर्धा हरभरा फस्त झाला. तो बहुधा त्यांच्या इच्छेनंच खाल्ला असणार.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. सर स्वतःलाही सोडत नसत. एकदा पलीकडच्या काठावर दुर्मीळ करकोचा दिसतोय म्हणून त्यांनी आम्हाला तासभर चिखलात पालथं झोपवलं. ऊन वर आल्यावर तो करकोचा बाभळीच्या खुंटाला अडकलेली युरियाची गोणी निघाला. सरांनी तिथल्या तिथं रेघ मारून पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, "युरियाची गोणी." आणि आम्ही हसलो म्हणून आम्हालाच झापलं.

माझ्या वाट्याला आला तो कैकर, म्हणजे पाण्यात सूर मारून मासा उचलणारा शिकारी पक्षी. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं पाणी फोडलं, पंजात मासा घेतला आणि टेकडीमागे गेला. मी बोंबललो. त्या घटकेला सर थर्मासमधून चहा ओतत होते आणि बाकीचे कप धरून उभे होते. झालं! "फोटो हाय का?" रेघ. सगळे हसले. नववीतले दोन्ही निकाल मला परत आठवले. हे मी मनात धरून ठेवलं, खोटं कशाला बोलू.

पण सरांचा खरा जीव अडकला होता तो हजेरीतल्या पहिल्या नावात. माळढोक. माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच, रुबाबदार पक्षी. आपल्या जिल्ह्यातल्या माळांवर एके काळी सर्रास फिरायचा, आता नावालाही दिसत नाही. सरांनी तो जन्मात पाहिलेला नव्हता. तरी दर रविवारी पहिली हाक त्याचीच. "माळढोक?" आम्ही गप्प. मग सर स्वतःच म्हणायचे, "गैरहजर." मी एकदा म्हटलं, "काढून टाका की नाव." तर डाफरले, "पटावरचं नाव असं काढत न्हाईत. येतं पोरगं कधीतरी."

गेल्या हिवाळ्यात ते भाच्याच्या लग्नाला कर्जतकडे गेले होते. पुढच्या रविवारी बांधावर आले ते माकडटोपी उलटी घालून. पुस्तक उघडलं आणि पुकारलं, "माळढोक?" आम्ही गप्प. सर म्हणाले, "हजर."

पहाटे मांडवातून निघून ते एकटेच माळावर फिरायला गेले होते. मोबाईल मंगल कार्यालयात चार्जिंगला. "गवतातून चालत आला रे," सर सांगत होते, "मान ताठ. माझ्याकडं बघितलं त्यानं. आणि गेला निघून." सत्तरीच्या माणसाचा चेहरा पहिल्या नंबरात आलेल्या पोरासारखा झाला होता.

मी म्हटलं, "सर, फोटो हाय का?"

सगळे खो खो हसले. सर म्हणाले, "न्हाई." मी विचारलं, "सोबत कोण होतं?" सर म्हणाले, "कुणी न्हाई." आणि मग मी त्यांचंच वाक्य, त्यांच्याच सुरात, त्यांच्या तोंडावर मारलं. "मग तो पक्षी नव्हता सर, तुमची इच्छा होती."

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पट्टी ठेवली, लाल रेघ ओढली आणि पुढची हाक दिली, "चक्रवाक?" त्यानंतर माळढोकाचं नाव त्यांनी कधी पुकारलं नाही.

उन्हाळ्यात सर गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, हजेरीपुस्तक माझ्या हातात दिलं. "तुलाच द्यायला सांगितलं हुतं," म्हणाल्या. मी पानं चाळत बसलो. माझ्या कैकरावरची लाल रेघ सापडली. तिच्याखाली बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं, "पोरानं पाहिला असणार. खोटं बोलत नाही."

अरे, मग तोंडानं सांगायला काय झालं होतं! आणि हे मी कुठल्या तोंडानं विचारू? त्या रविवारी सरांचा चेहरा बघताक्षणी मला कळलं होतं, यांनी माळढोक पाहिलाय. नक्की पाहिलाय. कळूनसवरून मी फोटोचं विचारलं.

या हिवाळ्यातल्या पहिल्या रविवारी मी बांधावर पुस्तक उघडलं. माळढोकावरच्या रेघेखाली काहीतरी लिहावं म्हणून घरून पेन्सिल नेली होती. पण पेन्सिलीचे गुण धरत नाहीत, हे सरांनीच शिकवलेलं. मी पेन्सिल खिशात ठेवली, दुकानातलं निळं पेन काढलं आणि लाल रेघेवर दाबून लिहिलं, "माळढोक. हजर. फोटो नाही."